इथलं एक उदाहरण

३ जुलै

प्रिय छोटी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आमच्या विधी विभागात सध्या परदेशी पाहुण्यांचा सुळसुळाट झाला आहे. डीनसाहेबांनी यंदा हट्टच धरलाय की महिन्याला एक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ व्याख्यानाला आणायचा म्हणजे आणायचा. गेल्या आठवड्यात समुद्राच्या कायद्याचे एक बडे जाणकार येऊन गेले. आपल्याकडून समुद्र गाठायचा तर गाडीत अख्खा दिवस मोडतो, पण ते राहू दे. सभागृहाच्या पुढच्या चार ओळींत विद्यार्थी, हजेरीच्या धाकानं. मागच्या तीन ओळींत ऑफिसातले कारकून, डीनसाहेबांच्या धाकानं. पाहुणे सव्वा तास बोलले. आमचे ग्रंथपाल मान टाकून झोपले होते, फोटो काढताना त्यांना कोपरानं ढोसून जागं केलं.

तुला माझ्या कामाची गंमत सांगितली नाही ना? पाहुणे हुशार असतात, पण त्यांची उदाहरणं त्यांच्या गावची. आमच्या मुलांच्या ती डोक्यावरून जातात. म्हणून चार वर्षांपूर्वी मीच सुचवलं की दर पाहुण्याला आपण इथलं एक खरं प्रकरण दोन पानांत लिहून आधी पाठवू, नावगाव बदलून, आणि त्यांनी त्यावर बोलावं. सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं. आता मला सगळे उदाहरणबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान तिखट आहेत. माझा नियम एकच आणि तो मी दर वर्षी वर्गातही सांगते: मनानं रचलेलं उदाहरण मी देत नाही. रचलेल्या प्रकरणात माणसं शहाण्यासारखी वागतात, खऱ्यात कुणी तसं वागत नाही. समुद्रवाल्यांना मी दोन भावांचं तळ्यातल्या मासेमारीवरून झालेलं भांडण दिलं. ते एवढे खूश झाले की निम्मा वेळ तळ्यावरच बोलले.

सप्टेंबरात मात्र खरी मोठी असामी यायची आहे. आईबाप वेगळे झाले की मूल कुणाकडे द्यायचं, या विषयात जगात ज्यांचा शब्द चालतो त्या बाई. त्यांचं पुस्तक मी वर्गात शिकवते. त्या जिथे जातात तिथून एका प्राध्यापकाला वर्षभर स्वतःच्या विद्यापीठात बोलावतात. डीनसाहेबांच्या मनात त्यांचा पुतण्या आहे. माझ्या मनात मी आहे. एकोणीस वर्षं इथे खडू झिजवलाय, त्यातली सात घरी आईचं अंथरूण सांभाळून. तेव्हा तू प्रेमविवाह करून संसारात होतीस, म्हणून तुला त्याची कल्पना नाही.

तुझ्या दाव्याचं काय झालं? बहीण कायद्याची प्राध्यापक असताना तू वकिलाच्या तोंडाकडे बघत बसतेस, हे मला बरं वाटत नाही. अडलं तर मला विचार. ठकीला पापा.

तुझी ताई

*

११ जुलै

ताई,

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि ग्रंथपालांवर एकटीच हसले. सहा नंबरच्या आजोबांनी विचारलं, सिस्टर, पगार वाढला का.

दाव्याबद्दल वकील म्हणतात, काळजी नको. मुलगी सात वर्षांची, आईची हॉस्पिटलात पक्की नोकरी, बापानं दोन वर्षांत पाचदा तोंड दाखवलेलं. त्यानं दुसरं लग्न केलं, बागेचं घर घेतलं, आता त्या बागेत खेळायला त्याला मूल हवंय. वकील म्हणाले, ठकी तुमच्याकडेच राहील, फक्त तुमच्याविरुद्ध त्यांच्या हाती काही लागता कामा नये.

तसं काही आहे, ताई. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ठकीच्या डाव्या हातावर भाजल्याचा डाग आहे तो तू पाहिलायस. मी स्वयंपाकघरात होते आणि तिनं माझ्या पाठीमागे इस्त्रीला हात लावला, असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही. मी स्वयंपाकघरात नव्हते. मी घरातच नव्हते. तो सोडून गेला त्याच्या दोन महिन्यांनंतरची गोष्ट. शेजारच्या काकू लेकीकडे गेल्या होत्या, मला रजा मिळेना, आणि पाच वर्षांच्या पोरीला घरात ठेवून, बाहेरून कुलूप लावून मी ड्युटीवर गेले. दुपारी सुटायचं होतं, पण पुढची सिस्टर आलीच नाही. घरी पोचले तोवर हात भाजून गेला होता. आमच्याच हॉस्पिटलात नेलं, खोटं सांगितलं, आणि मी तिथलीच म्हणून कुणी उलट विचारलं नाही.

आता प्रतिज्ञापत्र द्यायचंय. वकिलाला खरं सांगू का? सांगितलं तर ठकी जाईल असं वाटतं, आणि न सांगावं तर झोप लागत नाही. ठकी गेली तर पुढे मी काय करायचं हे मला खरोखरच सुचत नाही, ताई. तू म्हणशील तसं करते.

छोटी

*

१८ जुलै

प्रिय छोटी,

वकिलाला एक अक्षर सांगू नकोस. त्याला कळलं की ते त्याच्या चेहऱ्यावर दिसेल. प्रतिज्ञापत्रात स्वयंपाकघरच लिही. हॉस्पिटलचे कागद तेच सांगतात, ठकी तेव्हा लहान होती, तिसरा माणूस तिथे नव्हता. कायद्याच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नाही. हे मी बहिणीच्या मायेनं म्हणत नाही, एकोणीस वर्षं पुराव्याचा कायदा शिकवलाय त्या जोरावर म्हणते.

रागावणार नाही असं मी ठरवलं होतं. पण असं कसं केलंस ग? मी आईला सात वर्षं सांभाळलं, एक दिवस दाराला कुलूप घातलं नाही. असो, झालं ते झालं.

मला मात्र सगळं इत्थंभूत कळायला हवं, म्हणजे बाजू कुठे कच्ची आहे ते बघता येईल. किती वाजता गेलीस, किती वाजता आलीस? खिडक्या उघड्या होत्या का? खायला काय ठेवलं होतंस? जाताना तिला काय सांगितलंस आणि ती काय म्हणाली? इस्त्री तिनं कशाला घेतली? भाजल्यावर तिनं काय केलं? डॉक्टरांना नेमके काय शब्द वापरलेस? काही गाळू नकोस. तुला किरकोळ वाटेल तेच नेमकं कामाचं असतं.

इकडे सप्टेंबरच्या बाईंसाठी उदाहरण शोधता शोधता नाकी नऊ आले आहेत. ताब्याची प्रकरणं खंडीभर आहेत, पण सगळी सारखीच, नवरा दारुडा नाहीतर सासू खाष्ट. अशा बाईंपुढे हे ठेवून कसं चालेल?

तुझी ताई

*

२५ जुलै

ताई,

लिहिताना दोनदा उठले, पण तू म्हणालीस म्हणून सगळं लिहिते.

सकाळी साडेसहाला गेले, दुपारी साडेतीनला आले. खिडक्या लावून घेतल्या होत्या, ती वाकून पडेल म्हणून. दूध, बिस्किटं आणि दोन केळी ठेवली होती. जाताना सांगितलं की आई पटकन येते, तू शंभरपर्यंत मोज. तिला नुकतंच शंभरपर्यंत यायला लागलं होतं. भांडून तिचा बाप बाहेर निघाला की ती रडायची, तेव्हा तोच तिला सांगायचा, शंभर मोज, मग सगळं ठीक होतं. तिथून ही सवय. ती म्हणाली, एकदाच मोजायचं का? मी म्हटलं, हो, एकदाच.

इस्त्री तिनं माझ्यासाठी घेतली. माझा दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म खुर्चीवर होता. आई दमून येते म्हणून तो इस्त्री करून ठेवायचा होता. भाजल्यावर तिनं हात बादलीत बुडवला आणि मोजत बसली. मी दार उघडलं तेव्हा ती बादलीजवळ होती, पाणी कोमट झालेलं, आणि आकडे चालू होते. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, माझं चुकलं असेल, मधले आकडे राहिले असतील, म्हणून तू लवकर आली नाहीस.

डॉक्टरांना म्हटलं, मी कांदा चिरत होते. कांदा का म्हटलं कोण जाणे. डोळे लाल होते म्हणून असेल.

आता ठकी हे सगळं विसरलीय. डाग कशाचा म्हणून विचारलं तर सांगते, माहीत नाही, आधीपासून आहे.

ताई, हे पत्र वाचून फाडून टाक. तुला सांगितल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोप लागली.

छोटी

*

२२ सप्टेंबर

प्रिय छोटी,

पत्र लिहायला फुरसत नव्हती, रागावू नकोस. बाई आल्या, बोलल्या आणि सगळ्यांना जिंकून गेल्या. लांबच लांब बाई, दाराच्या चौकटीतून वाकून आत आल्या. आणि सभागृह खच्चून भरलेलं, कारकून न आणता.

माझं उदाहरण त्यांना इतकं आवडलं की आधी ठरलेलं भाषण बाजूला ठेवून दीड तास त्याच्यावरच बोलल्या. एका कारखान्यातल्या बाईचं जुनं प्रकरण होतं, मला कुठेतरी सापडलं. बाईंनी मुलांना हात वर करायला लावले. मूल या आईकडे राहू द्याल का? निम्मे हात वर. मग त्यांनी दुसरं पान वाचलं, आईनं डॉक्टरांना काय सांगितलं ते. पुन्हा विचारलं. तीन हात. मग त्या म्हणाल्या की चुकलेल्या आईला मी एक वेळ मूल देईन, पण चूक झाकून निभावलेल्या आईला देणार नाही, कारण झाकता येतं हे तिला आता माहीत झालंय. काय बोलल्या ना? मी तर वहीत उतरून घेतलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला शेजारी बसवलं आणि विचारलं की हे प्रकरण खरं आहे ना. मी म्हटलं, मी दुसरं देतच नाही. त्यांच्या नव्या पुस्तकात ते घेणार आहेत, माझ्या नावाच्या उल्लेखासकट. डीनसाहेबांचा पुतण्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, मीठ मागत होता, कुणी देत नव्हतं.

यंदाच्या व्याख्यानांची पुस्तिका निघतेय. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना, म्हणजे इथल्या निम्म्या वकिलांना, घरपोच जाईल. तुझं कसं चाललंय?

तुझी ताई

*

४ ऑक्टोबर

ताई,

तुझं अभिनंदन. तू आयुष्यभर जे मागत होतीस ते मिळतंय, मला खरंच आनंद झाला. ती कारखान्यातली बाई मात्र मनातून जात नाही. तिचं मूल शेवटी कुणाकडे गेलं ग?

माझी पहिली तारीख चांगली गेली. न्यायाधीशबाई वयस्कर आहेत, शांत बोलतात. ठकीला त्यांच्या खोलीत नेलं आणि विचारलं, कुठे राहायला आवडतं? ही म्हणाली, आईकडे, पण बाबांकडे झोपाळा आहे. बाई हसल्या. वकील म्हणाले, अजून एक-दोन तारखा, डिसेंबरात निकाल. ठकीचा बापही तिला चॉकलेट देऊन माझ्याशी न भांडता निघून गेला. सगळं मार्गी लागेल असं वाटायला लागलंय.

ठकीनं तुझं चित्र काढलंय, सोबत पाठवते. हातात छडी आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिला प्राध्यापक म्हणजे छडी असं वाटतं.

छोटी

*

२१ नोव्हेंबर

ताई,

काल तारीख होती. त्याच्या वकिलानं उभं राहून तुमची पुस्तिका न्यायाधीशबाईंना दिली आणि अठ्ठाविसावं पान वाचायला सुरुवात केली.

कारखाना, ताई. हाताऐवजी पाय. कांद्याऐवजी बटाटा. युनिफॉर्मऐवजी कारखान्याचा झगा. बाकी एक शब्द तू बदलला नाहीस. शंभर आकडे तसेच, बादली तशीच, कोमट पाणी तसंच. "माझं चुकलं असेल, मधले आकडे राहिले असतील." हे माझ्या पोरीचं वाक्य मी परक्या माणसाच्या तोंडून भर कोर्टात ऐकलं. ठकीचा बाप त्या वकिलाशेजारी बसला होता. शंभर मोजायला त्यानंच तिला शिकवलं, हे मी तुला लिहिलं होतं. ते वाक्य आलं आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो रडत होता, ताई. मला वाटलं होतं तो दुष्ट आहे, त्यामुळे त्याला रडताना बघणं फारच जड गेलं.

त्याचा वकील तुझा विद्यार्थी निघाला. कोर्टाला म्हणाला, आमच्या उदाहरणबाई मनानं रचलेलं उदाहरण देत नाहीत, हे त्या पहिल्याच तासाला सांगतात, आणि त्या या बाईंच्या सख्ख्या बहीण आहेत. तुला साक्षीला बोलावणार आहेत.

तू म्हणाली होतीस, काही गाळू नकोस. मला वाटलं तू माझ्यासाठी विचारतेस. तू केसानं गळा कापलास.

*

२७ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

तुझं पत्र मिळालं. भाषा जरा सांभाळून वापरावी. मी तुझं नाव घातलं नाही, गाव घातलं नाही, धंदा बदलला, अवयवसुद्धा बदलला. यापेक्षा जास्त कुणी काय करणार? आकड्यांची सवय बापाची आहे हे लिहिलं होतंस खरं, पण आमची पुस्तिका तुझ्या नवऱ्याच्या वकिलाकडे जाईल हे मला स्वप्नात तरी दिसणार होतं का? तो पोरगा तिसऱ्या बाकावर झोपायचा. त्यानं आयुष्यात काही वाचलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि जरा शांतपणे विचार कर. ज्यांनी हे वाचलं ते सगळे त्या मुलीसाठी हळहळले. तुझ्या घरात कुणी हळहळायला नव्हतं, इथे तीनशे माणसं होती.

समन्स मिळालं आहे. आणखी एक, तुझ्याच भल्याचं सांगते. माझी जुनी पत्रं घरात ठेवू नकोस. विशेषतः जुलैतलं. जाळून टाक.

तुझी ताई

*

१ डिसेंबर

ताई,

शिव्या दिल्या असतील तर माफ कर. मी आता फक्त मागायला लिहितेय.

तू कोर्टात एवढंच सांग की ते उदाहरण तू रचलंस. ठकी मोजते हे तुला माहीत होतं, डाग माहीत होता, बाकीचं मनानं लिहिलंस. एवढं एक वाक्य. माझे वकील म्हणतात, मग त्यांच्या हाती काही राहत नाही. ठकी माझ्याकडे राहील. तू मला जुलैमध्ये सांगितलं होतंस की कायद्याच्या लेखी ती गोष्ट घडलेली नाही. तेच कोर्टाला सांग.

तुझं ते पत्र माझ्याजवळ आहे. वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, हे पुढे केलंत तर बहीण अडचणीत येईल, पण घटना घडली हे तुम्हीच सिद्ध कराल. म्हणजे तू मला खोटं बोलायला शिकवलंस हेही मला सांगता येत नाही. म्हणून घाबरू नकोस, पत्र बाहेर येणार नाही.

आईच्या आजारपणात मी आले नाही. त्या सात वर्षांचा राग तुझ्या पोटात आहे, मला ठाऊक आहे. मी चुकले. ठकीला त्यात घेऊ नकोस. तिला तू आवडतेस.

तुझ्या पाया पडते.

छोटी

*

६ डिसेंबर

प्रिय छोटी,

चार रात्री विचार करून लिहितेय, तेव्हा नीट वाच.

बाईंचं पुस्तक छापायला गेलंय. त्यात ते प्रकरण खरं म्हणून आहे, माझ्या हमीवर. परवाच त्यांचं पत्र आलं, फेब्रुवारीपासून वर्षभरासाठी मला बोलावलंय. मी जर कोर्टात शपथेवर म्हणाले की मी ते रचलं, तर ते नोंदवलं जाईल, आणि डीनसाहेब ते दुसऱ्याच दिवशी बाईंना कळवतील. चार वर्षांची माझी सगळी उदाहरणं खोटी ठरतील. एकोणीस वर्षं पाण्यात जातील, कशासाठी, तर तू एक दिवस रजा मागून भांडली नाहीस म्हणून.

शिवाय शपथ ही शपथ असते. मी मुलांना काय शिकवते? जुलैत मी तुला सांगितलं ते घरातलं बोलणं होतं, कोर्टात उभं राहून बोलणं वेगळं. तुला हा फरक कळायला कठीण जाईल.

आईचं तू काढायला नको होतंस. मी त्याचा सूड घेतेय असं तुला वाटतंय का? सूड घ्यायचा असता तर मी तुझं नावच घातलं असतं. मला तेव्हा तू डोळ्यांसमोरही नव्हतीस, खरं सांगते. मला फक्त उदाहरण दिसत होतं. इतकं चांगलं उदाहरण एकोणीस वर्षांत हाती लागलं नव्हतं.

ठकी बापाकडे गेली तरी जगाबाहेर जात नाही. सुट्टीत भेटेलच.

तुझी ताई

*

९ एप्रिल

प्रिय छोटी,

साक्ष झाल्यापासून तुला चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. निकाल मला वकिलांकडूनच कळला. वाईट वाटलं. इथे आल्यावर पहिले काही दिवस कामात लक्ष लागत नव्हतं, हे तुला सांगायला हवं.

इथे माझी खोली लहान पण उबदार आहे. बाई दर गुरुवारी मला जेवायला बोलावतात. मागच्या आठवड्यात मीच पाहुणी तज्ज्ञ म्हणून व्याख्यान दिलं, काय वाटलं असेल बघ. मागच्या ओळीत एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यावरून आपल्या ग्रंथपालांची आठवण झाली.

आता एक काम आहे आणि ते तूच करू शकतेस. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. बाईंना प्रकरणाचा शेवट हवा आहे, मुलीचं पुढे काय झालं तो. त्यांना सगळं कळलंय, की ती माझी भाची आहे वगैरे. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या की एवढं जवळचं असूनही तू खरं बोललीस. त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद दिलाय, सोबत ठेवते. जमतील तेवढ्यांची उत्तरं दे. नाव येणार नाही, ती काळजी मी घेईन. ठकीच्या अनुभवाचा दुसऱ्या मुलांना उपयोग होईल, असा विचार कर.

तुझी ताई

*

२ मे

ताई,

कागद मिळाला. उत्तरं देतेय. काही गाळत नाही.

मूल सध्या बापाकडे राहतं. नवी आई तिच्याशी बरी वागते, वेणी घालते, डबा देते. खायला-प्यायला काही कमी नाही. झोपाळा मोठा आहे.

आईला भेट महिन्यातून दोनदा, शनिवारी दोन तास, कोर्टाच्या खोलीत. खोलीला दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर प्राण्यांचा तक्ता. कोपऱ्यात कोर्टाच्या एक बाई बसतात आणि आम्ही काय बोलतो ते लिहून घेतात. खटल्याविषयी, निकालाविषयी आणि त्या दिवसाविषयी आईनं मुलाशी बोलायचं नाही, असा हुकूम आहे. बोललं तर भेटी बंद. मी अजून एकदाही बोललेले नाही.

आईच्या नोकरीचं विचारलंय. हॉस्पिटलच्या कागदात खोटी माहिती दिली म्हणून मला वॉर्डातून काढून कपड्यांच्या विभागात टाकलं. तिथे चादरी मोजायच्या असतात.

पहिल्या भेटीला मूल आईला बिलगलं. दुसऱ्या भेटीलाही. तिसऱ्या भेटीला आधी कोपऱ्यातल्या बाईंकडे बघितलं आणि मग बिलगलं. सहाव्या भेटीपासून टेबलाच्या पलीकडे बसतं.

रात्री झोप लागते का, हे मला माहीत नाही. ते त्यांना विचारा.

आठवा प्रश्न, घटनेबद्दल मुलाला काय आठवतं. तिला काही आठवत नव्हतं, हे मी तुला मागेच लिहिलं होतं. आता आठवतं. घरात मोठी माणसं बोलतात, शाळेत कुणाच्या तरी वडिलांनी पुस्तिका वाचली होती, त्यावरून तिनं आपली आपण जुळवणी केली आहे. परवाच्या शनिवारी ती पिवळा नवा फ्रॉक घालून आली होती. डावा हात टेबलावर ठेवला, डाग माझ्याकडे केला आणि विचारलं, आई, मी नीट मोजलं नाही म्हणून तू मला इस्त्री लावलीस ना? रागानं नाही विचारलं. गृहपाठ बरोबर आहे का विचारावं, तसं विचारलं.

कोपऱ्यातल्या बाईंनी पेन उचललं. मला नाही म्हणायला परवानगी नव्हती. मी म्हटलं, फ्रॉक छान आहे, कुणी घेतला?